खालच्या रानातली माणसं

प्रिय पूर्णिमा,

परवा फोनवर तू मला दोन गोष्टी विचारल्यास आणि दोन्ही वेळा मी "आवाज तुटतोय गं" म्हणून विषय बदलला. आवाज अजिबात तुटत नव्हता. तुमच्या कबनूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटातून तुझं बोलणं वेगळं काढायला मी केव्हाच शिकलेय. तू विचारलंस, राजनंदिनी पावसाळा लागल्यापासून रविवारची घरी का येत नाही, "अक्का, पोरीची काय भानगड तर न्हाय न्हवं?" आणि मग विचारलंस, की आमचं खालचं रान बघायला वीटभट्टीवाला तिकडं आला होता, त्याला म्हणे रान सापडलंच नाही, असं कसं होईल? आता हातातलं काम बाजूला ठेव, चहा टाक आणि निवांत बस. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण ते फोनवर सांगण्यासारखं नाही. सांगितलं असतं तर तू अर्ध्यातच ओरडली असतीस, भावजींनी फोन ओढून घेतला असता, इकडून ह्यांनी घेतला असता आणि दोघे भाऊ "बरं हाय?" "बरं हाय." एवढं बोलून मोकळे झाले असते. म्हणून कागद घेतलाय. अक्षर बिघडलंय, सांभाळून घे.

आधी तुझा जीव भांड्यात पडू दे. भानगड आहे, पण पोराची नाही. पोरगी रविवारी सकाळी उठते, माझ्या जुन्या साडीचा तुकडा डोक्याला बांधते, भाकरी गुंडाळून घेते आणि रानात जाते. आमच्या नाही, तुमच्या. खालच्या. तिच्या आधी हे तिथं जाऊन बसलेले असतात. दोघं मिळून दिवसभर काय करतात, तर जमिनीवर उकिडवं बसून झाडं उपटून मुळं बघतात. मी जेवायला हाका मारून थकते. वारणानगरच्या कॉलेजातली मुलं सुट्टीत फिरायला जातात, सिनेमाला जातात, ही चुलत्याबरोबर चिखलात बसते. तुला सांगायचं नाही, अशी शपथ तिनं मला घातली होती. "मोठी आई, बाबांना कायतरी उगवल्याशिवाय कळता कामा नये. न्हाय उगवलं तर त्यांना परत तेच दुःख कशाला?" काल तिनंच शपथ सोडवली, म्हणून लिहितेय.

त्या रानाचं मी तुला काय सांगायचं? त्यात खुरप्यानं भांगलण करताना तुझे तळवे चिरलेले मी बघितलेत. वर पांढरी खपली, पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज, आणि पाऊस पडला की आठ-आठ दिवस पाणी तसंच उभं. ऊस लावला तर गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. भावजींनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? युरिया दुप्पट टाकून बघितला, बेणं बदललं, शेणखत ओढलं. शेवटी तुझ्या भावाच्या मागांवर कामाला जायचं ठरवलं, त्या दिवशी ह्यांच्यासमोर उभं राहून एवढंच म्हणाले, "दादा, ते रान मेलं." भांडले असते तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. तुमची ट्रंक टेम्पोत चढत होती तेव्हा हे गोठ्यात जाऊन उगाच म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते, ते तुला दिसलं नसेल. मला दिसलं.

राजनंदिनी कॉलेजसाठी आमच्याकडं राहायला आली तेव्हा घर भरल्यासारखं वाटलं. ह्यांच्या धोंडुआत्यांना तर बोलायला माणूस मिळालं. माझ्या यशराजला पुण्याला नोकरी लागल्यापासून त्या भिंतीशी बोलायच्या. पहिलं वर्ष पोरगी नुसती पुस्तकात. मग एके दिवशी कॉलेजवरून आली ती तडक खालच्या रानात गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत माती भरून घेऊन आली. ह्यांनी विचारलं, "काय गं, हे कशाला? त्या मातीत काय ठेवलंय?" ती म्हणाली, "नाना, तेच बघायचंय, काय शिल्लक राह्यलंय ते." माती तिनं त्यांच्या कॉलेजातल्या सरांना दाखवली. प्रभुलिंग सर म्हणून आहेत, चिकोडीकडचे, मराठी कानडीच्या चालीवर बोलतात, प्रत्येक बाईमाणसाला अव्वा म्हणतात. सरांना ती माती इतकी आवडली, म्हणजे इतकी वाईट वाटली, की पुढच्याच आठवड्यात ते मोटारसायकलवरून स्वतः बघायला आले.

तो दिवस मला चांगला आठवतो. सर बांधाबांधानं फिरले. खाली वाकून माती चोळली, वर आपल्या उसाकडं बघितलं, परत खाली बघितलं. मग ह्यांना विचारलं, "वरचा ऊस कुणाचा, काका?" हे जरा छाती काढूनच म्हणाले, "माझा." "पाणी कसं देता?" "पाटानं. भरपूर देतो. हिरीला पाणी कमी न्हाय आपल्या." सरांनी परत एकदा खालच्या पांढऱ्या खपलीकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "मग सगळं पाणी जातं कुठं, काका?" पूर्णिमा, एवढंच. बाकी त्यांनी काही सांगितलंच नाही, सांगायची गरजही नव्हती. इतकी वर्षं आपण वर भरमसाट पाणी सोडलं, ते जमिनीच्या आतून उतरत खाली गेलं, खालचा खार वर घेऊन आलं आणि पिराजीभावजींच्या रानात तो पांढरा होऊन बसला. हे तिथंच बांधावर बसले. सरांना चहा द्यायचंसुद्धा सुचलं नाही त्यांना. त्या महिन्यात ह्यांनी वरच्या उसाला ठिबक करून घेतलं, आणि तुम्ही दोघं फोनवर हसलात, की दादांना या वयात शहाणपण कुठून आलं. तिथून आलं.

मग हे कामाला लागले. ओढ्याकडं उतरते चर खणले, म्हणजे अडलेलं पाणी निघून जावं. उन्हाळ्यात खारावर उतारा म्हणून जिप्सम पसरलं. पहिल्या पावसावर धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरला आणि फुलावर यायच्या आत नांगरून मातीत गाडला. गावातली माणसं बांधावर उभी राहून विचारायची, "बाळासो, भावाच्या रानात काय पुरतोय रं?" हे कुणाला उत्तर द्यायचे नाहीत. आणि हे सगळं झाल्यावर राजनंदिनी म्हणाली, आता घर तयार झालं, आता राहणारी माणसं आणायची. म्हणजे जिवाणू.

ह्यांना जिवाणू समजावून सांगताना तू तिला बघायला हवी होतीस. चुलीपुढं बसून, हातात पोळपाट घेऊन. म्हणाली, नाना, हवेत नत्र ढीगभर आहे, पण पिकाला ते तसंच्या तसं खाता येत नाही. हे जिवाणू सोयाबीनच्या मुळात गाठी करून राहतात, हवेतलं नत्र घेतात आणि पिकाला पचेल असं करून देतात. हे म्हणाले, "फुकट?" ती म्हणाली, "न्हाय, पीक त्यांना बदल्यात साखर देतं." त्यावर हे जे हसले, पूर्णिमा, भाकरी तव्यावर करपली माझी. "साखरेवर राबत्यात म्हंजे आपल्याच भागातली दिसत्यात की!" त्या दिवसापासून जिवाणू हा शब्द आमच्या घरात बंद झाला. ह्यांच्या तोंडी 'आपली माणसं'. 'आपली माणसं कधी येणार?' 'आपल्या माणसांना ऊन सोसतं का?'

ऊन सोसत नाही, हे तिनं बजावून सांगितलं होतं. पण पुढच्या साली, पहिल्यांदा सोयाबीन पेरलं त्या सकाळी तिची परीक्षा होती. जिवाणूंची पाकिटं, काळ्या भुकटीची असतात ती, ह्यांनी एक सोडून सगळी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवली आणि ट्रॅक्टरवाल्याची वाट बघत बसले. ट्रॅक्टर होता, पण डिझेल आणायला गेलेला माणूस काही येईना. ऊन असं पडलं होतं की बॉनेटवर पापड भाजावा. त्या भाजलेल्या पाकिटांतली भुकटी बियाण्याला चोळून हौसेनं पेरणी झाली. यंत्र जिथं वळत नाही तिथं, बांधाकडंच्या कडेला, मी हातानं एकेक बी टोकलं. माझ्याजवळचं एक पाकीट पिशवीत होतं, पिशवी कडुलिंबाखाली, भाकरीच्या फडक्याखाली. मला काही अक्कल होती म्हणून नव्हे, तिथं सावली होती म्हणून.

पीक उगवलं आणि उगवून पिवळं पडलं. आधी वाटलं पाऊस जास्त झाला. मग वाटलं होईल हळूहळू. पण ऑगस्टात बघितलं तर वीतभर झाडं, पानं हळदीसारखी, मुळं उपटली तर नुसत्या दोऱ्या, एकही गाठ नाही. हे त्या झाडांच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "हिरा, भावाचं रान म्या दुसऱ्यांदा मारलं." राजनंदिनी शेजारीच होती. ती एकदम खाली बसली आणि रडायला लागली, आणि तेव्हा जे बोलली ते ऐकून आम्ही दोघंही गार पडलो.

तुला आठवतं का, सासूबाई गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा पाहुण्यांनी दोन चिठ्ठ्या तांब्यात टाकल्या होत्या? कुणाच्या मनात किंतू राहू नये म्हणून लहान पोरीच्या हातानं काढू या, असं ठरलं. तुझ्या कडेवरून उतरवून तिला पुढं आणलं. तिनं बाबांची चिठ्ठी काढली, ती खालच्या रानाची. तेव्हा ते रान काही वाईट नव्हतं, कोपऱ्यात थोडं पांढरं दिसायला लागलं होतं एवढंच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिला पेढा दिला. आपण सगळे विसरून गेलो. ती विसरली नव्हती. हुंदके देत म्हणाली, "नाना, चिठ्ठी मी काढली हुती. माझ्याच हातानं बाबांना हे रान आलं." अगं, इतकी वर्षं एवढं मोठं ओझं घेऊन फिरत होती पोरगी. सूक्ष्मजीवशास्त्र का घेतलं, तुमचं घर सोडून इथं राहायचा हट्ट का केला, सगळं माझ्या डोळ्यांपुढं उलगडत गेलं. तू तिला कधी रागावू नकोस यावरून, आणि विचारूही नकोस. ती आपणहून सांगेल तेव्हा ऐक.

ह्यांना असल्या वेळी बोलता येत नाही, तुला माहीत आहे. ते तिच्या शेजारी मातीत बसले. बराच वेळ उगाच ढेकळं फोडत राहिले. मग म्हणाले, "पेढा खाल्लावता न्हवं तू तवा? मग झालं की. त्या वयाच्या पोरीचा हिशोब पेढ्यापातुर. बाकीचं आमा मोठ्यांचं." ती रडता रडता हसली. आणि मग ह्यांनी तिचं लक्ष वळवायचं म्हणून बांधाकडं बोट केलं, "ते बघ, तिकडं त्या कडंला तरी जरा हिरवं हाय." पोरीनं डोळे पुसून बघितलं आणि ताडकन उठली. मी टोकलेली ती कड. दोन ओळी, पण हिरव्यागार. तिनं एक झाड हलक्या हातानं उकरून काढलं. मुळांना मोहरीएवढ्या गाठी. नखानं एक गाठ फोडली, आत गुलाबी. अगदी तान्ह्या पोराच्या हिरड्यांसारखा गुलाबी रंग. "मोठी आई, ह्या जित्या हायत! ह्या खाऱ्यात जगल्यात!" असं म्हणून मला मिठी मारली ती चिखलाच्या हातांनी, इस्त्रीच्या साडीवर.

त्या गाठी डब्यात घालून ती कॉलेजात घेऊन गेली. पुढं काय काय केलं ते मला सगळं कळलं नाही. गाठी धुतल्या, ठेचल्या, आणि काचेच्या बशीत त्यांची वाढ केली. सर तिच्याबरोबर होते, पण काम तिचं. एकदा मला नेलं दाखवायला. बशीत दुधाच्या थेंबांसारखे ठिपके. मला वाटलं होतं काहीतरी वळवळताना दिसेल. सर म्हणाले, "अव्वा, तुमच्या रानात जे खार सोसून राह्यले तेच हे. नव्या पाकिटातल्यांपेक्षा ह्यांना तिथलं पाणी जास्त मानवेल." मी मनात म्हटलं, एवढं साधं कुणी आम्हाला आधी का सांगितलं नाही? मग लक्षात आलं, आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं.

यंदा ते पाकिटात नाही, बाटल्यांतून आले. पेरणीपर्यंत थंड ठेवायचे, तर ह्यांनी फ्रीज रिकामा केला. माझं लोणचं बाहेर, यशराजनं आणलेला जॅम बाहेर, फक्त दुधाला कोपरा. दाराला कागद चिकटवला, 'माणसं आत आहेत'. धोंडुआत्यांना वाचता येत नाही. पेरणीच्या आधी सर आले, उन्हातून आलेत म्हणून आत्यांनी मोठ्या मायेनं फ्रीजमधली बाटली काढली, पेल्यात ओतली, वर मीठ-जिरंपूड घातली आणि ताक म्हणून सरांच्या हातात दिली. सरांनी पेला तोंडाजवळ नेला, वास घेतला आणि खाली ठेवला. म्हणाले, "अव्वा, हे सोयाबीनचं ताक. मला दुसरं द्या." आत्या खजील झाल्या, पण ह्यांना काळजी वेगळीच. "सर, मीठ पडलंय त्यात. चालंल?" सर म्हणाले, "तुमच्या रानातले आहेत काका, मिठाची सवय आहे त्यांना." तरी ती बाटली ह्यांनी वापरली नाही. म्हणाले, जिऱ्याचं काय सांगावं.

यंदाची पेरणी म्हणजे लग्नघर होतं. बियाण्याला लावायला गुळाचं पाणी केलं, म्हणजे जिवाणू बियाला चिकटून राहतात. गूळ कुठला, तर गुऱ्हाळावरून खास आणलेला, धोंडुआत्यांनी दिवाळीला राखलेला. आत्या म्हणाल्या, "बाळ्या, माणसं खात्यात त्यो गूळ मातीत घालतोस?" हे म्हणाले, "माणसांसाठीच घालतोय." घराच्या पुढच्या सोप्यात सावलीला पोती अंथरून बी वाळवलं आणि उन्हाचा कवडसा आला की हे पोती सरकवायचे. ट्रॅक्टर या वेळी आधी दारात उभा केला होता, डिझेल भरून.

आता मी तुला खोटं सांगणार नाही. वरच्या रानासारखं पीक आलेलं नाही. मधे दोन ठिकाणी अजून पांढरं आहे, तिथं झाडं खुरटी. आणि हे एकट्या जिवाणूंचं काम नाही, चर, जिप्सम, धैंचा, सगळ्यांचा हात आहे त्यात. सरही तेच म्हणतात. पण ह्यांना ते पटत नाही. ह्यांच्या लेखी सगळं श्रेय आपल्या माणसांचं. रोज उठून एक झाड उपटायचं, गाठ फोडायची, आत गुलाबी दिसली की "कामावर हायत", आणि हिरवट दिसली की "हे आज सुट्टीवर". शेजारच्या रानात धैर्यशीलनं उसाचा पाला पेटवायला काडी काढली, तर हे धावत गेले. "आरं, धग लागंल माझ्या माणसांना!" धैर्यशील चक्रावून इकडं तिकडं बघायला लागला, कुठली माणसं? शेवटी ह्यांनी त्याला बसवून सगळं शिकवलं. यंदा त्यानं पाला जाळला नाही. गावात हे आता बाळासो राहिलेच नाहीत, जिवाणूमास्तर झालेत.

आणि मग तो वीटभट्टीवाला. तुम्ही त्याला पाठवणार हे मला माहीत नव्हतं गं. सोयाबीन तेव्हा फुलावर, मांडीला लागत होतं. हे बांधावर बसलेले, मी खुरपं घेऊन. मोटारसायकलवरून उतरला आणि म्हणाला, "पिराजीरावांचं खालचं रान कुठलं वो?" हे म्हणाले, "काय काम हुतं, पावणं?" "इकायचं हाय म्हणं. माती बघाय आलोय. पडीक हाय, काय पिकत न्हाय, भट्टीला चालंल." ह्यांचा चेहरा मी बघितला. एक क्षण वाटलं हे आता काहीतरी बोलतील, आवाज चढवतील. पण नाही. हात लांब करून म्हणाले, "पडीक रान व्हय? अजून खाली जावा." तो बिचारा खाली गेला. थोड्या वेळानं परत आला, बूट भिजलेले. "आवं, खाली वढाच हाय की!" हे म्हणाले, "मग न्हाय बा माहीत. हितं तर सगळं पिकतंय." तो गेल्यावर मी पोट धरून हसले. हे मात्र हसले नाहीत. खुरपं माझ्या हातातून घेतलं आणि पुढची ओळ धरली. पिराजी रान विकतोय, हे त्यांना परक्या माणसाकडून कळलं होतं. दिवसभर जेवले नाहीत. मी तुला दोष देत नाही. भावजींनाही देत नाही. मेलेल्या रानाचं माणूस करणार काय?

आता हे पत्र कशासाठी, ते. सोयाबीनची पानं झडलीत, शेंगा वाळल्यात, दसरा झाला की काढणी. काल सकाळी न्याहारीला बसले असताना हे एकदम म्हणाले, "हिरा, पिराजीला लिव्ह." मला वाटलं, विकू नको म्हणून लिहायचं असेल, पीक आलंय, रान परत घे म्हणून. पोरीलाही तसंच वाटलं, तिचे डोळे चमकले. पण हे म्हणाले, "खालचं रान मला दे म्हणावं. वरचं त्यानं घ्यावं. हीर, ठिबक, उभा ऊस, सगळं." वरचं रान म्हणजे ह्यांचा जीव की प्राण, तुला सांगायला नको. मी म्हटलं, अहो, ते सुधारलंय की आता, ज्याचं त्याला देऊ या. तर म्हणतात, "अजून चार-पाच वर्सं त्येच्या मागं लागाय लागंल. पिराजीनं लई सोसलंय त्येच्यापायी. आता माझी पाळी. आणि पाणी माझं हुतं, हिरा." एवढं बोलून उठले, हात धुतले आणि दारातून वळून म्हणाले, "उपकार म्हणून लिवू नगं. मला ते रान आवडाय लागलंय, असं लिव्ह." तर पूर्णिमा, तसं लिहिते. ह्यांना ते रान आवडायला लागलंय, आणि हेही खोटं नाही, त्यांचं खरंच तिथून पाऊल निघत नाही. भावजींना हे सगळं वाचून दाखव, मधे थांबू नकोस, त्यांना उठू देऊ नकोस. तलाठ्याकडं काय कागद करायचे ते नंतर बघू. वरच्या रानाला मालक पाहिजे, आणि तुझ्या चुलीची जागा मी अजून कुणाला दिलेली नाही. मागांचं काम लगेच सोडा असं मी म्हणत नाही, पण काढणीला तरी या. भावजी नको म्हणणार, हे मला ठाऊक आहे. त्यांना सांग, नको म्हणायचं असेल तर फोनवर नाही, इथं येऊन दादाच्या तोंडावर म्हणा. हे कालपासून जेवायलासुद्धा रस्त्याकडं तोंड करून बसायला लागलेत.

तुझीच,
हिराअक्का